‘फ्राइट नाइट’ कसा पाहावा: आधी १९८५चा, मग २०११चा

भयपटांची भीती वाटते, पण पाहायची उत्सुकताही आहे, अशा माणसाने सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर मी ‘फ्राइट नाइट’चं नाव घेतो. शेजारच्या घरात राहायला आलेला देखणा माणूस व्हॅम्पायर आहे हे एका शाळकरी मुलाला कळतं आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, एवढीच गोष्ट. ती दोनदा सांगितली गेली, १९८५मध्ये आणि पुन्हा २०११मध्ये. दोन्ही चित्रपट हसवतात आणि दोन्ही घाबरवतात. मूळ चित्रपट आणि त्याचा रिमेक लागोपाठ पाहून सिनेमा कसा घडतो हे शिकायचं असेल, तर यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही. कारण रिमेक करणाऱ्यांनी गोष्ट नुसती नव्या कपड्यांत उभी केलेली नाही, तिच्यातल्या नियमांशी ते खेळले आहेत.

लेखाचा पहिला भाग चित्रपट पाहण्याआधी वाचायचा आहे. ‘इथे थांबा’ असं लिहिलं आहे त्याच्या पुढचा भाग दोन्ही पाहून झाल्यावरच वाचा. मधले धक्के खरोखर चांगले आहेत, ते फुकट जाऊ देऊ नका.

योग्य चित्रपट शोधा

नाव शोधताना सोबत वर्ष टाका. ‘फ्राइट नाइट’ नावाच्या गर्दीत चार चित्रपट सापडतील. आपल्याला हवा तो पहिला १९८५चा, टॉम हॉलंड यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. (स्पायडरमॅन करणारा तरुण नट वेगळा, हे नामसाधर्म्य आहे.) दुसरा २०११चा, दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी, पटकथा मार्टी नॉक्सन. १९८८चा ‘भाग २’ हा मूळ कथेचा पुढचा भाग आहे, तो नंतर पाहा. २०१३मध्ये आलेल्या चित्रपटाच्या नावात ‘२’ आहे, पण तो २०११च्या कथेचा पुढचा भाग नाही. तीच मूळ गोष्ट पुन्हा वेगळ्या ठिकाणी मांडली आहे. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

अमेरिकेत दोन्ही चित्रपटांना ‘आर’ प्रमाणपत्र आहे. रक्त आहे, शिव्या आहेत, १९८५च्या चित्रपटात थोडी नग्नताही आहे. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा.

क्रम बदलू नका

आधी जुना, मग नवा. नव्यातले तांत्रिक करामतीचे प्रसंग पाहून जुना पाहिला की त्यातले रबरी चेहरे आणि धूर सोडणारी यंत्रं बाळबोध वाटतात, आणि मग त्यातली खरी ताकद नजरेतून निसटते. शिवाय नव्या चित्रपटातल्या काही गमती जुना माहीत असणाऱ्यांसाठीच आहेत. एका रात्री दोन्ही पाहायचा मोह होईल, कारण दोन्ही पावणेदोन तासांच्या आसपास संपतात. मी म्हणेन मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. जुन्यातलं काय मनात राहतं आणि काय विसरायला होतं, हे कळायला तेवढा वेळ लागतो.

इंग्रजी फार सरावाचं नसेल तर सबटायटल्स लावा आणि तीही इंग्रजीच. यातला निम्मा विनोद बोलण्याच्या लयीत आहे, आणि डब केलेल्या आवाजात तो उरत नाही.

नियम आधीच माहीत करून घ्या

व्हॅम्पायरपटाचा प्रेक्षक नियम माहीत आहेत असं धरून बसलेला असतो. आपल्याकडे वेताळ, हडळ, मुंजा यांचे नियम आजीकडून कळतात, तसे युरोप-अमेरिकेत हे नियम पुस्तकांतून आणि विशेषतः सिनेमांतून घरोघरी गेले. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ची. पुढच्या शंभरेक वर्षांच्या सिनेमाने तिच्यातले काही नियम उचलले, काही स्वतः घातले. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर जळून मरतो हा नियम तर सिनेमानेच रुजवला. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडताना दिसतो, फक्त तेव्हा त्याची ताकद कमी असते.

‘फ्राइट नाइट’साठी एवढं पुरे: व्हॅम्पायर दिवसा बाहेर पडत नाही. आरशात त्याचं प्रतिबिंब दिसत नाही. क्रॉस आणि चर्चमधलं पवित्र पाणी त्याला भाजतं. हृदयात लाकडी मेख ठोकली की तो मरतो. ज्याला तो चावतो तोही त्याच्यासारखा होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही.

या शेवटच्या नियमाकडे दोन्ही चित्रपटांत सतत लक्ष ठेवा. कोण कुणाला घरात बोलावतं, कुठे, कोणत्या शब्दांत. दोन चित्रपटांची तुलना करायला एवढं एकच सूत्र हातात धरलं तरी बाकी सगळं आपोआप सापडत जातं.

पीटर व्हिन्सेंट कोण, हे समजून घ्या

इथे नव्या प्रेक्षकाची हमखास अडचण होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८५च्या चित्रपटात पीटर व्हिन्सेंट नावाचा एक उतारवयातला नट आहे. तरुणपणी त्याने भयपटांत व्हॅम्पायर मारणाऱ्या वीराच्या भूमिका केल्या. आता तो स्थानिक टीव्ही वाहिनीवर रात्री उशिरा जुने भयपट दाखवतो, मधूनमधून वेषभूषा करून पडद्यावर येतो आणि चार वाक्यं बोलतो. त्या कार्यक्रमाचं नाव ‘फ्राइट नाइट’. अमेरिकेत ही खरीखुरी परंपरा होती. १९५४मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीवर ‘व्हॅम्पायरा’ नावाने एक अभिनेत्री असे चित्रपट सादर करायची. मग १९५७मध्ये स्क्रीन जेम्स कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने भयपट ‘शॉक!’ या नावाने एकगठ्ठा टीव्ही वाहिन्यांना विकले आणि शहराशहरांत असे सूत्रधार उभे राहिले. शनिवारी रात्री ते चित्रपट पाहत एक पिढी मोठी झाली. चार्ली ब्रूस्टर हा आपला नायक त्या परंपरेच्या अगदी शेवटच्या प्रेक्षकांपैकी आहे.

पीटर व्हिन्सेंट हे नाव पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस या दोन खऱ्या नटांच्या नावांवरून बेतलं आहे. कुशिंग यांनी ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’त (१९५८) व्हॅम्पायरविरुद्ध लढणारा व्हॅन हेल्सिंग साकारला होता. प्राइस हे अमेरिकी भयपटांचा राजबिंडा, दर्दभऱ्या आवाजाचा चेहरा. ही भूमिका केली रॉडी मॅकडॉवल यांनी, जे स्वतः बालकलाकार म्हणून पडद्यावर आले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. चित्रपटात पीटरची नोकरी जाते, कारण प्रेक्षकांना आता मुखवटे घातलेले, चाकू घेऊन पोरांच्या मागे धावणारे खुनी हवे आहेत. हे त्या काळचं वास्तव होतं. १९८०च्या आसपास अमेरिकी भयपट अशा ‘स्लॅशर’ चित्रपटांनी व्यापला होता आणि व्हॅम्पायर जुनाट वाटू लागला होता. हॉलंड यांनी त्या जुनाट राक्षसाला साध्या उपनगरात आणून पुन्हा धोकादायक केलं.

मूळ कल्पनेची मुळं ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत आहेत, हे हॉलंड यांनी सांगितलं आहे. फक्त इथे मुलगा पहिल्यापासून खरं बोलतो आहे.

हॉलंड हे मराठी प्रेक्षकाला अगदी परके नाहीत. १९८८मध्ये त्यांनीच ‘चाइल्ड्स प्ले’ दिग्दर्शित केला. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची त्यातली कल्पना महेश कोठारे यांनी १९९३च्या ‘झपाटलेला’त मराठी मातीत रुजवली. तात्या विंचूला घाबरत घाबरत लक्ष्यावर हसलेल्या माणसाला भय-विनोदाची ही जात वेगळी शिकवावी लागत नाही.

१९८५चा पाहताना

अंधार करा, हेडफोन असतील तर घाला. ब्रॅड फीडेल यांचं सिंथेसायझरवरचं संगीत याच काळातल्या ‘टर्मिनेटर’मुळे अनेकांना ओळखीचं वाटेल, इथे ते जास्त मऊ आणि लाघवी आहे, आणि ते तसं का आहे हे नाइटक्लबमधल्या प्रसंगात कळतं. तो प्रसंग पाहताना फोन बाजूला ठेवा. जवळजवळ संवादाविना, नुसत्या नाचातून, एक मुलगी कशी ओढली जाते ते दिसतं, आणि मध्येच आरसा येतो.

ख्रिस सॅरंडन यांच्या जेरीकडे, म्हणजे शेजारच्या व्हॅम्पायरकडे, बारकाईने पाहा. तो सतत फळं खातो. ही सॅरंडन यांची स्वतःची कल्पना होती: या व्हॅम्पायरच्या वंशात कुठेतरी फळं खाणारं वटवाघूळ असणार, असं त्यांनी धरलं होतं. तो गुणगुणतो, हसतो, शेजाऱ्यांशी नम्रपणे बोलतो. राक्षसाला शिष्टाचार असला की तो जास्त भीतिदायक होतो, हे या नटाला पक्कं कळलं होतं.

पहिल्या अर्ध्या तासात घाई करू नका. हॉलंड संथपणे खिडकीतून खिडकीत पाहायला लावतात. विशेष दृश्यांचं काम रिचर्ड एडलंड यांच्या चमूकडे होतं, ज्यांनी त्याच्या आदल्याच वर्षी ‘घोस्टबस्टर्स’ केला होता. चेहऱ्यांवरचे मुखवटे, दात, वितळणारी शरीरं हे सगळं कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेलं आहे. संगणकाने रंगवलेलं नाही, म्हणून त्याला वजन आहे.

२०११चा पाहताना

आता गाव बदललं. गोष्ट लास वेगासच्या बाहेर, वाळवंटात साच्यातून काढल्यासारख्या घरांच्या एका वसाहतीत घडते (चित्रीकरण मात्र न्यू मेक्सिकोत झालं). ही निवड अतिशय हुशारीची आहे. तिथे निम्मं गाव रात्री कामाला जातं आणि दिवसा काचा काळ्या करून झोपतं. माणसं येतात आणि जातात. वर्गातला एखादा मुलगा दिसेनासा झाला तर गेला असेल कुठेतरी, असं म्हणून हजेरी पुढे सरकते. कर्जसंकटाने पोखरलेल्या त्या काळच्या अमेरिकेत, अर्ध्या रिकाम्या घरांच्या रांगांमध्ये व्हॅम्पायरला लपावंही लागत नाही.

चित्रपट थ्रीडीत चित्रित झाला होता, त्यामुळे ठिणग्या आणि रक्ताचे थेंब अंगावर उडाल्यासारखे वाटतील. घरी साध्या पडद्यावर पाहिला तरी बिघडत नाही. मात्र हावियर आगिरेसारोबे यांचं छायाचित्रण बरंच काळोखं आहे. दिवसाउजेडी पाहिलात तर निम्म्या प्रसंगांत पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसेल.

जेरी झालेला कॉलिन फॅरेल मळकी बनियन घालून अंगणात खड्डे खणत असतो, नाकाने हवा हुंगतो. सॅरंडनचा जेरी मोहात पाडतो, हा शिकार करतो. पीटर व्हिन्सेंट इथे वेगासच्या रंगमंचावरचा जादूगार आहे. डेव्हिड टेनंट विग काढतो, खोटी दाढी काढतो आणि खाली एक घाबरलेला, दारू पिणारा माणूस उघडा पडतो.

वाळवंटातल्या रस्त्यावर रात्री कारचा पाठलाग आहे. कॅमेरा गाडीच्या आतच फिरत राहतो आणि सगळं एका अखंड शॉटसारखं दिसतं. त्याच प्रसंगात येऊन धडकणाऱ्या गाडीच्या चालकाचा चेहरा ओळखा. म्हणूनच आधी जुना पाहायला सांगितलं.

इथे थांबा. दोन्ही पाहून झाल्यावर पुढे वाचा.

आता उंबरठ्याकडे येऊ.

१९८५मध्ये चार्ली मित्राकडून नियम शिकून निर्धास्त होऊन घरी येतो, तर जेरी दिवाणखान्यात खुर्चीत बसलेला. आईनेच त्याला बोलावलं आहे. नव्या शेजाऱ्याला घरात घेणं हा तिच्या दृष्टीने साधा चांगुलपणा आहे. प्रसंग विनोदी आहे आणि पोटात खड्डाही पाडतो, एकाच क्षणी. आईला काहीच कळत नाही आणि मुलाला काहीच बोलता येत नाही.

२०११मध्ये नॉक्सन यांनी हाच प्रसंग उलटा केला. जेरी मागच्या दारात उभा राहून बिअर मागतो. चार्ली फ्रीजमधून बाटल्या काढतो आणि हळूहळू त्याच्या लक्षात येतं की हा माणूस चौकटीपाशी थांबला आहे, आत येत नाही, बोलावण्याची वाट पाहतो आहे. दोघांनाही आता माहीत आहे आणि दोघंही गप्पा मारत राहतात. मला संपूर्ण रिमेकमधला हा सर्वोत्तम प्रसंग वाटतो. एक दार, दोन माणसं, बाटल्यांचा एक पुडा, बस. पुढे चार्ली आणि त्याची आई घरात सुरक्षित आहेत असं वाटत असताना जेरी फावडं घेतो, अंगण खणतो, गॅसची नळी उपटून काढतो आणि घरच उडवून देतो. घरच नसेल तर निमंत्रणाचा प्रश्न येतो कुठे! नियम मोडला नाही, त्याची पळवाट शोधली. रिमेक करणाऱ्याने मूळ कलाकृतीशी कसं वागावं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

दोन्ही प्रसंग पुन्हा एकापाठोपाठ लावून पाहा. आधीचं-नंतरचं काही नको, फक्त दारातले प्रसंग.

मग क्रॉस. जुन्या चित्रपटात पीटर पहिल्यांदा जेरीसमोर क्रॉस धरतो तेव्हा जेरी हसतो आणि तो चुरगाळून टाकतो, कारण धरणाऱ्याची श्रद्धा नाही. चार्लीच्या हातात मात्र क्रॉस चालतो. पीटर पळून जातो. शेवटाकडे त्याच माणसाच्या हातातला क्रॉस जेरीला मागे रेटतो. आयुष्यभर खोटा वीर झालेला नट खरा वीर होतो, हा जुन्या चित्रपटाचा गाभा आहे, आणि मॅकडॉवल यांच्याशिवाय तो उभा राहिला नसता. २०११चा पीटर लहानपणी आईवडिलांना व्हॅम्पायरच्या हातून मरताना पाहिलेला माणूस आहे. त्याला विश्वास शोधायची गरजच नाही, त्याला फक्त धीर हवा आहे. टेनंट मजा आणतो, पण इथे रिमेकने जे दिलं त्यापेक्षा गमावलं जास्त, असं माझं ठाम मत आहे.

आईच्या बाबतीत हिशेब उलटा. जुन्या चित्रपटातली आई विनोदापुरती आहे आणि कथेला गरज पडते तेव्हा नाहीशी होते. नव्यात टोनी कोलेटने साकारलेली आई घरं विकण्याचा व्यवसाय करते, आणि वेळ येते तेव्हा घरविक्रीच्या पाटीचा खांब उचलून व्हॅम्पायरच्या शरीरात खुपसते. मेखेचा नियमही पाळला गेला आणि ती काय काम करते तेही उपयोगी पडलं.

आणि एड, चार्लीचा मित्र. इथे मला थांबावंसं वाटतं. १९८५च्या चित्रपटात जेरी एका अंधाऱ्या गल्लीत एडला गाठतो आणि त्याच्याशी अतिशय मायेने बोलतो: वेगळं असणं काय असतं मला माहीत आहे, आता तुला कुणी चिडवणार नाही. हात पुढे करतो. एड तो धरतो. स्टीफन जेफ्रीज यांनी तोवर एडला इतकं कर्कश, हसरं केलेलं असतं की त्या एका कृतीने त्याचा सगळा एकटेपणा बाहेर येतो. पुढे लांडग्याच्या रूपातला एड टेबलाच्या मोडक्या पायावर पडतो आणि हळूहळू माणूस होत मरतो. पीटर पाहत राहतो, आणि कॅमेराही घाई करत नाही. विनोदी चित्रपटात राक्षसाच्या मरणाला एवढा वेळ देणारं धाडस त्या काळी दुर्मीळ होतं.

रिमेकने एडचं दुःख चार्लीच्या पदरात घातलं. दोघं जुने मित्र, पण शाळेत भाव मिळावा म्हणून चार्लीने त्याला तोडलं आहे. त्यामुळे एड गेल्याची टोचणी नायकाला आहे, जी जुन्यात नाही. लेखन म्हणून ही सुधारणा आहे. तरी पडद्यावर जुना एड जास्त लागतो.

एक प्रसंग पूर्णपणे रिमेकचा स्वतःचा. चार्ली जेरीच्या घरात शिरून कोठडीतल्या शेजारणीला सोडवतो, श्वास रोखून तिला बाहेर आणतो, आणि उन्हात पाऊल टाकताच ती जळून राख होते. सुटकेचा आनंद एका क्षणात उलटतो. तिला वाचवण्याची वेळ आधीच निघून गेली होती आणि जेरीला ते ठाऊक होतं, म्हणून त्याने त्यांना जाऊ दिलं.

पैशांचं म्हणाल तर जुना सुमारे ९० लाख डॉलरांत झाला आणि अमेरिकेत जवळपास अडीच कोटी कमावून गेला. रिमेकला ३ कोटी लागले, अमेरिकेत मिळाले १.८ कोटींच्या आसपास. त्याला अपयशी म्हणून बाजूला टाकणाऱ्यांचं ऐकू नका. तिकीटबारीवर पडलेले कितीतरी चित्रपट पाहण्यासारखे असतात, आणि हा त्यांतला नक्की आहे. चार्ली झालेला अँटन येल्चिन २०१६मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याचं काम पाहण्यासाठीसुद्धा हा चित्रपट लावावा.

त्यानंतर

जुना जास्त आवडला तर १९८८चा दुसरा भाग पाहा, चार्ली आणि पीटर म्हणून रॅग्सडेल आणि मॅकडॉवल दोघंही त्यात आहेत. मग १९५८चा हॅमरचा ‘ड्रॅक्युला’, म्हणजे पीटर व्हिन्सेंट कुणाच्या सावलीत उभा आहे ते दिसेल. नवा जास्त आवडला तर तो एकदा संवाद बंद करून, फक्त कॅमेऱ्याकडे लक्ष देऊन पाहा. आणि मित्रांना घेऊन पाहणार असाल तर ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांना पुढच्या रांगेत बसवा, व्हॅम्पायरचे नियम आधी सांगा, आणि मागच्या दारातल्या बिअरच्या प्रसंगात अजिबात बोलू नका.